अनुपच्या अकरा ओळी

अनुप पुण्याहून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आला तेव्हा हाताखालची बारा माणसं सोडून आला होता. इथे त्याच्या वाट्याला एक एक्सेल शीट आली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ टाकायचं आणि मीटिंगमध्ये मान हलवायची. दोन वर्षांत त्याला कुणी कोडची एक ओळ लिहायला सांगितली नव्हती. घरी मात्र साहेब अजून इंजिनियर होते. टोस्टरपासून राउटरपर्यंत सगळ्यात नाक खुपसायचे.

त्याची मुलगी वरदा इथल्या शाळेत दीड वर्ष एकटीच डबा खात होती. सप्टेंबरात शाळेच्या रोबोटिक्स टीमनं तिला घेतलं आणि पोरगी बदलली. मंगळवारी घरी यायची ती बडबडतच. टीम सगळी मुलंमुलीच चालवायची. सर फक्त खोली उघडून द्यायचे. नियमही मुलांचेच. घरच्यांनी रोबोटला हात लावायचा नाही, आणि आपला कोड आपल्याला समजावून सांगता आला पाहिजे.

ते ऐकून अनुप गालातल्या गालात हसला होता. पुण्यातल्या शाळेतूनही ‘प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा’ अशी सूचना यायची, आणि मग सोसायटीतले झाडून सगळे बाप रविवारभर थर्मोकोल कापत बसायचे. वरदाची चौथीतली पवनचक्की त्यानंच केली होती. पहिला नंबरही आला होता.

रोबोटचा हात ठोकळा उचलायचा आणि अर्ध्या वाटेत टाकायचा. वरदा तीन आठवडे त्याच्याशी झगडत होती. एका रविवारी ती आईबरोबर बाजाराला गेली, लॅपटॉप टेबलावर उघडाच राहिला. अनुपला चूक दहा मिनिटांत दिसली. त्यानं अकरा ओळी बदलल्या आणि शीळ घालत चहा टाकला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. वरदाला त्यानं काहीच सांगितलं नाही. मंगळवारी हात चालेल, पोरगी खूश होईल, एवढंच गृहस्थाच्या डोक्यात.

मंगळवारी तो तिला न्यायला गेला तेव्हा वरदा न बोलता गाडीत बसली. मागोमाग टीमची कॅप्टन मायरा खिडकीपाशी आली. ती इथेच जन्मलेली, आजीकडून मोडकंतोडकं मराठी शिकलेली.

“अंकल, सॉरी. हात चालला, पण वरदाला कोड एक्सप्लेन नाही करता आला. आम्ही व्होट केला. शी कान्ट स्टे.”

“अगं, पण ते मी केलं. तिला माहीतसुद्धा नव्हतं.”

“आय नो, अंकल. आम्हाला कळला. पण आम्ही विचारला तर ती म्हणाली, मीच लिहिला. तीन वेळा विचारला.”

अनुपनं गाडी काढली. दुसऱ्या राउंडअबाउटच्या गोल चौकाला वळताना त्यानं वरदाला विचारलं,

“माझं नाव का नाही सांगितलंस?”

“ते तुम्हाला हसले असते.”

तरी अनुप म्हणालाच, “बाळा, मी तुझ्यासाठीच केलं गं.”

“नाही, बाबा. ऑफिसमध्ये तुम्हाला कुणी कोड लिहू देत नाही, म्हणून केलंत.”

हे तिला कधीपासून माहीत होतं, ते विचारायचं धाडस त्याला झालं नाही.