आभाळ वाहणाऱ्या गाडीचे पाटे

राठोड मॅडमनी माझ्या टेबलावर फडकं उघडलं. आत आरशाचे तीन तुकडे होते.

"हे तुह्या पाट्यांनी केलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. गॅरेजमध्ये लोक ओरडत येतात, त्याची मला सवय आहे. न ओरडणाऱ्या माणसासमोर काय करायचं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

मी मूळचा नेरचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चार वर्षांपासून दिग्रसला बंडूभाऊंच्या गॅरेजमध्ये काम करतो. राठोड मॅडम जवळच्याच एका बंजारा तांड्यातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या. त्यांचे यजमान, राठोड काका, एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली आणि तिच्यात फिरतं तारांगण बसवलं. म्हणजे एक मोठा कापडी घुमट. शाळेच्या मैदानात तो ब्लोअरनं फुगवायचा, पोरांना आत बसवायचं आणि अंधार करायचा. प्रोजेक्टरचा प्रकाश एका फुगीर आरशावर पडतो. आरसा तो पसरवतो आणि घुमटभर तारे दिसतात. हा आरसा बाजारात मिळत नाही. पुण्यातल्या एका कारागिरानं मॅडमना दोन करून दिले होते. आता त्याची नजर गेली आहे, त्यानं काम बंद केलंय. एक आरसा तीन तुकडे होऊन माझ्या टेबलावर होता. दुसरा मॅडमच्या घरी, गोधडीत गुंडाळलेला होता. तो गेला की तारांगण संपलं. पुसदकडच्या डोंगरातल्या सहा शाळांना त्यांनी शब्द दिलेला होता.

आता माझी चूक सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी काका गाडी घेऊन आले होते. मागून गाडी बसलेली. खड्ड्यात गेली की खालून ठोकत होती. मागच्या चाकांवरचा भार लांब, वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जुडीवर असतो. त्यांना आम्ही पाटे म्हणतो. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास पिकअपवाले रांगेनं येतात आणि एकच वाक्य बोलतात, "दोन पाटे वाढवा." कापूस हलका दिसतो, पण गाडीच्या बाहेर लटकेपर्यंत कोंबला की वजन व्हायचं तेवढं होतंच. दोन पाटे वाढवले की गाडी मागून उभी राहते. ती ताठ होऊन दणके देते, पण कापसाला त्याचं काही नसतं. गिऱ्हाईक खूश होतं. मी राठोड काकांच्या गाडीलाही तेच केलं. विचारलं नाही, मोजलं नाही. हात सवयीनं चालले.

मॅडम टेबलासमोर बसल्या होत्या. माझ्या डोक्यामागं भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. तो मीच लिहिलेला आहे. त्यावर आहे, "क्षमतेपेक्षा जास्त भार लादणं ही अडचण नाही, अन्याय आहे. रस्त्यावर, गाडीवर आणि समोरून येणाऱ्या माणसावर." चळवळीची पत्रकं येणाऱ्या घरात मी वाढलो. मला असं लिहायला आवडतं. मॅडमनी तो कागद पूर्ण वाचला.

"हे कोणं लिहिलं?"

"मी."

"चांगलं लिहिलं. आमच्या गाडीचं वजन केलतं काय?"

"नाही."

"मंग पाटे किती टाकाचे, हे कशावरून ठरवलं?"

"अंदाजानं."

"कापसाच्या गाडीच्या अंदाजानं?"

मी मान हलवली. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"मी वर्गात पोट्ट्याइले एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगत होती," त्या म्हणाल्या. "आधी मोजा, मंग बोला. चाल, मोजू."

बंडूभाऊ पलीकडच्या गाडीखाली होते. ते सरपटत बाहेर आले. "मॅडम, कायले एवढा ताप? एक पाटा काढून देतो. दोनचा मधला मार्ग. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

"भाऊ, नको," मी म्हणालो. "मी परत अंदाज नाही करणार."

"अबे, इथं तीस वर्षं झाले, अंदाजावरच चालून राह्यलं सगळं."

"म्हणूनच तर."

बंडूभाऊंनी हाताचं ग्रीस पुसलं. मग म्हणाले, "जा बाप्पा. पण काट्यावर आज कापसाची लाइन आहे. दुपार होते तुमची."

मोठा वजनकाटा एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, आहे. लाइन खरंच रस्त्यापर्यंत आली होती. गाडी पूर्ण भरलेली आणायची असं मी काकांना फोनवर सांगितलं होतं. जसे दौऱ्यावर निघतात तशी, सगळ्या सामानासकट. काट्यावरच्या बाबूनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय आहे गाडीत? कापूस?"

"आभाळ," मॅडम म्हणाल्या.

बाबूनं पेन खाली ठेवलं. मी त्याला समजावलं की आम्हाला तीनदा वजन हवंय. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची.

"अर्धी गाडी मोजाची? अर्ध्या गाडीची पावती कोणाच्या नावानं फाडू?"

मागच्या पिकअपमधल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "काहून थांबले हे?" काकांनी त्याला तारांगणाचं सांगितलं. तो मान वाकडी करून गाडीकडं बघत राहिला. "हे थेच का? आमच्या पोराच्या शाळेत आलतं. पोट्टा आठ दिवस शनीचे कडे सांगत होता, जेवू देत नव्हता." मग तो खिडकीकडं वळून म्हणाला, "अबे मोज ना त्याइचं. आमी उभेच आहो. कापूस कुठं पळून जाते?"

त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या लाइनीतल्या सात-आठ जणांनी आपला वेळ आम्हाला दिला. त्यासाठी त्यांना कुणी थँक्यूही म्हटलं नाही, म्हणून इथं म्हणतो.

आकडे आले. गाडीच्या कागदांवर एकूण मर्यादा अडीच हजार किलो. आमचे भरले सव्वीसशे वीस. पण खरी गोष्ट पुढं होती. मागच्या ॲक्सलची, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याची, मर्यादा साडेपंधराशे, त्यावर सतराशे नव्वद होते. आणि पुढच्या ॲक्सलवर फक्त आठशे तीस. कागदांप्रमाणे गाडी रिकामी असते तेव्हा पुढं याहून नव्वद किलो जास्त असतं.

"सामान भरलं तर पुढचं वजन कमी कसं झालं?" काकांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पण त्यांनी ते मला देऊ दिलं.

"जनरेटर आणि बॅटऱ्या पार मागं आहेत, चाकांच्याही मागं," मी म्हणालो. "सी-सॉच्या एका टोकावर माणूस बसला की दुसरं टोक उचलतं. तसं झालंय."

काकांनी खिडकीतून स्टिअरिंगवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणून स्टिअरिंग हलकं झालतं काय? मले वाटलं, चांगलं झालं."

तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. घाटात पुढची चाकं नीट पकड घेत नव्हती आणि त्यांना ते सुख वाटत होतं. माझ्या दोन पाट्यांनी गाडी मागून उभी केली होती, त्यामुळं काही चुकतंय हे दिसायचंही बंद झालं होतं. फक्त आरसा फुटला, म्हणजे स्वस्तात सुटलो, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

गॅरेजवर परत आल्यावर मी सांगितलं, "आधी वजन अडीच हजाराच्या आत आणू. नंतर पाटे. त्याशिवाय मी गाडीची चावी देणार नाही."

"जाड पाटे टाकले तर जास्त वजन नाही चालत काय?" काकांनी विचारलं. हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं, म्हणून उत्तर नीट लिहितो. पाटे बदलल्यानं गाडी बसत नाही, एवढंच होतं. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. त्यांची ताकद एका ग्रॅमनंही वाढत नाही. जो सांगतो वाढते, तो तुमच्या जिवावर धंदा करतो.

आम्ही गाडी रिकामी केली. सगळं सामान गॅरेजच्या फरशीवर मांडलं. काकांचे दोन जॅक, दुसरी स्टेपनी, सतरंज्यांचा ढीग आणि पाण्याचा शंभर लिटरचा ड्रम. मी ड्रमवर हात ठेवला.

"थो नाही," काका म्हणाले. "तांड्यावर गेलं आन् पाणी मांगाचं? माह्या जिवाले लाज वाटते. त्याइचेच वांधे राह्यते."

हे कारण ऐकल्यावर ड्रमवरचा माझा हात निघाला. अशा कारणापुढं माझा डिप्लोमा काही बोलू शकत नव्हता. बोलल्या त्या मॅडम.

"हिवाळ्यात पाणी राह्यते तांड्यावर. त्याइच्याजवळ पाणी आहे, तारे नाहीत. तुमी तारे न्या."

ड्रम गेला, त्याच्या जागी वीस लिटरचा कॅन आला. सतरंज्या शाळांकडून घ्यायच्या ठरल्या. एक जॅक आणि दुसरी स्टेपनी गेली. एकूण दीडशे किलो कमी झाले. जनरेटर आणि बॅटऱ्या पुढच्या सीटच्या लगेच मागं आणून लोखंडी चॅनलला बोल्ट मारून बसवल्या.

आणि आरशाची पेटी? ती आतापर्यंत अगदी मागच्या दाराला टेकून असायची.

"एसटीत शेवटच्या सीटवर कोण बसते?" काकांनी स्वतःच विचारलं. "ज्याले जागा भेटत नाही थो. सगळ्यात जास्त थोच उडते. तीस वर्षं लोकाइले सांगत होतो, मधात बसा. आन् आरसा ठेवला मांगं."

पेटी मध्ये आली. दोन्ही ॲक्सलच्या मधोमध, फोमच्या जाड थरावर.

मग पाटे. माझे दोन्ही वाढीव पाटे मी काढले. जुन्या पाट्यांचा बाक गेला होता. बंडूभाऊंनी ते उचलले, ऐरणीवर ठेवले आणि हातोड्यानं एकेकाला पुन्हा बाक दिला. हे काम आता दिग्रसमध्ये फार जणांना येत नाही. घाव कुठं आणि किती, हे ते बोटानं चाचपत ठरवत होते. त्यांच्या अंदाजावर मी सकाळी केवढं बोललो होतो. मोजायचं कुठं आणि हातावर विश्वास कुठं ठेवायचा, हा फरक मला त्यांच्या शेजारी उभं राहून कळला.

जुडीच्या खाली एक हेल्पर पाटा घातला. हा सरळ असतो. गाडी हलकी असताना तो कामच करत नाही. भार आला, जुडी दबली की मगच तो टेकतो आणि मदतीला येतो. म्हणजे छोट्या खड्ड्यात गाडी मऊ राहते आणि मोठ्यात बसत नाही. शॉकअपही नवे, जरा दमदार घेतले. दबलेला पाटा उसळतो, ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. नुसते पाटे बदलून शॉकअप जुने ठेवले तर गाडी नाचतच राहते.

पुन्हा काट्यावर गेलो. पुढं नऊशे साठ, मागं पंधराशे दहा. एकूण चोवीसशे सत्तर. बाबूनं या वेळी न विचारता तीनदा मोजलं.

पहिल्या शाळेच्या दौऱ्याला मी सोबत गेलो. निघण्यापूर्वी मी बंप स्टॉपवर ओल्या मातीचे दोन गोळे चिकटवले. बंप स्टॉप म्हणजे चेसिसखालचा रबराचा ठोकळा. पाटे पूर्ण दबले तर ॲक्सल त्याच्यावर आदळतो. गोळा चपटा झाला तर माझं काम फसलं, इतका सरळ हिशेब.

मॅडमनी आरसा पेटीत ठेवायला नकार दिला. गोधडीत गुंडाळून त्या तो मांडीवर घेऊन बसल्या. "तुह्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण हा एकच आहे." मला वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर गाडीतच बसलो नसतो.

शाळा असलेल्या तांड्याचा शेवटचा सहा किलोमीटरचा रस्ता म्हणजे ओढ्याचं पात्र आणि दगड. काकांनी नेहमीच्याच वेगात गाडी घातली. मीच तसं सांगितलं होतं. एका मोठ्या खाचेत मागचं चाक उतरलं, माझे दात एकमेकांवर आपटले. मॅडमचे दोन्ही हात गोधडीभोवती होते.

शाळेच्या मैदानात घुमट फुगला. पोरं आत गेली. ती सगळी मॅडमना याडी म्हणतात, त्यांच्या बोलीत आई. आतून आधी गोंगाट आला, मग एकदम शांतता, म्हणजे तारे दिसायला लागले असणार. मी पाहिले नाहीत. मी गाडीखाली होतो.

डावीकडचा गोळा वरून जरासा दबला होता. उजवीकडचा तर गोलच होता.

तास संपल्यावर मॅडम आल्या आणि गाडीजवळ वाकल्या. "किती राह्यली माती?"

"दोन बोटं."

"दोन्हीकडं?"

"उजवीकडं जास्त आहे."

"मोजली?"

मी खिशातली पट्टी काढून मोजली. डावीकडं अठ्ठावीस मिलिमीटर, उजवीकडं एकेचाळीस. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग आत जाऊन आरसा सोडवला, गोधडीत गुंडाळला आणि मधल्या पेटीत ठेवून झाकणाचे दोन्ही खटके लावले. पुढच्या शाळेपर्यंत त्या खिडकीत कोपर टेकवून, रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. काकांशी काहीतरी बोलत होत्या, त्यांच्या बोलीत. मला कळलं नाही. पण दोघं हसत होते.

सहाही शाळा झाल्या. आरसा शाबूत आहे.

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी चार उलट दिल्या असत्या आणि तोच कारागीर राहिलो असतो. मॅडमनी फक्त विचारलं, वजन केलतं काय. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा आभारी आहे. आता भरलेल्या गाडीचे पाटे वाढवायला कुणी आलं की मी आधी गाडी काट्यावर नेतो. निम्मे लोक वैतागून दुसऱ्या गॅरेजला जातात. उरलेल्या निम्म्यांपैकी बऱ्याच जणांना पाट्यांची गरजच नसते, सामान उतरवण्याची असते. त्यात गॅरेजचा फायदा नाही, पण काम बरोबर होतं.