पगार किती घेणार?

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. शहापुरात लाकडाच्या वखारी जोरात चालल्या होत्या आणि त्यांतल्या एका वखारीला कारकून हवा होता. मी नुकताच मराठी सातवीची फायनल पास झालो होतो. मुरबाडच्या आमच्या गुरुजींनी अर्ज तपासला आणि म्हणाले, "ते पगार विचारतील. योग्य वाटेल तो द्या, असं सांग. नम्रपणा दिसतो."

मुरबाडहून चालत निघालो आणि संध्याकाळी शेणव्याला आत्याकडे मुक्कामाला पोचलो. नवरा गेल्यापासून आत्या शहापूरच्या बाजारात भाजी विकायची. गुरुजींचा सल्ला ऐकून भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"योग्य वाटंल तो? मंग तो पाच देल नि वर उपकार बोलून दाखवील. काकड्या इकताना मी असा बोलते काय?" मग पाट ओढून ती माझ्यासमोर बसली. "मी शेठ. पगार किती घेशील रे?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"वीस," मी पुटपुटलो.

"आकडा बोलून खाली काय बघतोस? परत बोल."

चार-पाच वेळा बोलायला लावलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उठली नाही. "नि बोलून झाला का गप रहायचा," ती म्हणाली. "समोरचा गप बसला का आपला जीव घाबरा होतो, नि आपणच भाव पाडतो."

दुसऱ्या दिवशी शेठनी माझं अक्षर पाहिलं, ओंडक्यांचा एक हिशेब घातला, आणि खरोखरच विचारलं, "पगार किती घेणार?"

"वीस."

शेठ काहीच बोलले नाहीत. बाहेर करवत चालली होती, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. पंधरा म्हणून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. मी गप्प राहिलो.

"जुना कारकून अठरा घ्यायचा," शेठ शेवटी म्हणाले. "तू तर नवीन."

"मग तीन महिने पंधरा द्या. काम पटलं तर अठरा."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुठून सुचलं, कोण जाणे. शेठ हसले आणि म्हणाले, "सोमवारपासून ये."

तीन महिन्यांनी त्यांना ते आठवलंच नाही. मलाच आठवण करून द्यावी लागली, तेव्हा त्यांनी सतरा केले. एक रुपया मी सोडला. आज त्याचं हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

पण नोकरीची बातमी घेऊन मी मुरबाडला परतलो, तो दिवस जास्त आठवतो. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी पगार सांगितला. आकड्याकडे त्यांचं लक्षच गेलं नसावं.

"त्यानं तुला इचारला? किती घेशील म्हणून?"

"हो, बाबा."

"त्याच्या तोंडानं?"

"हो."

आमची थोडी भातशेती होती, पण बाबांची बहुतेक वर्षं दुसऱ्यांच्या शेतावर गेली. संध्याकाळी हातावर जे पडेल, ते घेऊन यायचं. दोरी तशीच टाकून ते शेजारी सांगायला गेले.

पुढे कित्येक दिवस बांधावर, बाजारात, जो भेटेल त्याला ते सांगायचे, "पोराला शेठनं इचारला." पगाराचा आकडा मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नाही.