धाकट्याचा हात

गाडीला रॅप, म्हणजे छापलेलं विनाइलचं चिकट आवरण, लावण्याआधी ती कशी दिसेल याचं चित्र गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं. त्याला आम्ही मॉकअप म्हणतो. गाडीचा कोरा फोटो संगणकावर घ्यायचा, तिच्या पत्र्यांवर डिझाइन बसवायचं, पत्रा जिथं वळतो तिथं तेही वळवायचं, वरून सावली आणि चकाकी द्यायची. नीट जमलं तर रस्त्यावर उभ्या गाडीचा फोटो काढल्यासारखं वाटतं. लोणावळ्यात जुन्या हायवेलगतच्या एका दुकानात मी हे काम करते. चिक्कीवाल्यांच्या व्हॅन, तुंगार्लीच्या बंगल्यांवर पाहुणे पोचवणाऱ्या गाड्या, शाळेच्या बस, सगळं केलं आहे.

मी मावळातल्याच इंदुरी गावची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शाळेत संगणक होता, पण तो बहुतेक वेळ कापडाखाली असायचा. फोटोशॉप मला दुकानाच्या मालकांनी शिकवलं, शेजारी खुर्ची ओढून, एकच गोष्ट पुन्हापुन्हा दाखवत, न चिडता. त्यांचे उपकार मी मानते. ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणून हाक मारायचे. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायचं असलं तरी तीच हाक, आणि कप विसळायचे असले तरी तीच.

आंदर मावळातले दोन भाऊ त्यांची पिकअप घेऊन आले, तेव्हा मी तिथं रुळले होते. पिकअपवर आधीचा रॅप होता, आमच्याच दुकानातला, मी लागायच्या आधीचा. दोन्ही बाजूंना त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा मोठा फोटो. मागं हिरवा डोंगर, बैल आडवा उभा, त्याच्या पाठीपलीकडे फेटा बांधलेला थोरला आणि तोंडाशी वेसण धरून धाकटा, खाली दोघांची नावं.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीला बैल नेणाऱ्या गाडीवर असा फोटो असतोच. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडी शिरली की लोक आधी पत्रा बघतात. बैल कुणाचा, हे तिथंच ठरतं. फोटोत बैलाजवळ जो उभा, तो मालक. कागद कुणी मागत नाही.

भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. बैल आणि पिकअप थोरल्याकडे गेली, डोंगराकडचं वावर धाकट्याला आलं. थोरल्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत धाकटाच चालवत होता. म्हणजे ज्या कामासाठी ते आले होते त्या कामाला त्यानंच भावाला आणलं होतं.

थोरल्यानं माझ्या पडद्यावर बोट टेकवलं.

"ह्यो काढायचा," तो म्हणाला.

'ह्यो' त्याच्या मागं प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिला. त्याला बाहेर थांबायला सांगतील असं मला वाटलं होतं. कुणी सांगितलं नाही.

फोटोतून माणूस काढणं अवघड नसतं. त्याच्याभोवती रेघ मारायची, आणि शेजारचं गवत, झाडी, आभाळ उचलून त्याच्या जागी भरायचं. धाकट्याचे पाय गेले, धोतर गेलं, मग छाती, मग चेहरा. खालचं त्याचं नाव तर एका क्लिकमध्ये गेलं. मोकळ्या जागेत काय टाकायचं यावर मालकांना विनोद सुचू लागले. ते म्हणाले, एखादा झेंडा टाकू, नाहीतर अल्सेशियन कुत्रा टाकू, रुबाबदार दिसेल. थोरला हसला आणि मागं वळला.

"काय रं बारक्या, तुज्या जागी काय शोभंल?"

"कडब्याची पेंडी टाक," धाकटा म्हणाला. "ती बैल खाईल तरी."

मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं होतं, ते मी ओठांत दाबलं.

अडचण आली ती हाताची. बाकी धाकटा गेला, पण वेसण धरलेली त्याची मूठ बैलाच्या नाकासमोर होती. ती पुसल्यावर दोरी नुसतीच लोंबायला लागली. थोरल्यानं ते बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. घाटातली माणसं म्हणतील, ह्यानं बैल बाजारात उभा केलाय. शर्यतीचा बैल कुणी मोकळा दाखवत नाही. त्याला धरणारा लागतो. आणि फोटोत थोरला बैलाच्या पलीकडे होता, तोंडाशी नव्हता.

मग मालकांनी युक्ती काढली. थोरल्यालाच उचलून तोंडाशी आणू आणि वेसण त्याच्या हातात देऊ. मी त्याचा फेट्यासकट धडाचा भाग कापून पुढं आणला, खाली धोतर धाकट्याचंच लावलं. हातासाठी नवा फोटो हवा होता. दोरी नव्हती म्हणून मी मोबाइलच्या चार्जरची वायर थोरल्याच्या हातात दिली आणि वेसण धरल्यासारखी धरा म्हटलं. त्यानं ती चहाच्या कपाच्या कानासारखी दोन बोटांत धरली. पुन्हा धरायला सांगितली तर साप पकडल्यासारखी लांब धरली. कोपर वर, मनगट ताठ. पडद्यावर बसवून बघितलं, पण बैल काही त्या हातातला वाटेना.

स्टुलावर बसलेल्या धाकट्याची मूठ गुडघ्यावरच्या टोपीत आपोआप वळली होती. वायर त्याच्या हातात असती तर कशी धरली असती, ते मला तिथूनही दिसत होतं.

मालकांनाही दिसलं असावं. ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, याचाच हात परत आण. मनगटापासून पुढं याचा, मागं भाऊंची बाही."

मी तसं केलं. पांढरी बाही ओढून मनगटापर्यंत आणली, कडेला थोरल्याचं घड्याळ बसवलं, कातडीचा रंग जुळवला. एवढं चांगलं काम तोवर माझ्या हातून झालं नव्हतं. मालकांनी पाठ थोपटली. फेटा, मिशी, घड्याळ, आणि बैलाला नाकाशी घट्ट धरलेली मूठ. बैलाचं कान टवकारून बघणंही आता थोरल्याकडेच बघणं झालं होतं.

थोरला खूश होऊन पुढं वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं फोटो मोठा करायला सांगितला. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. गाडा जुंपताना, बैल उसळला तेव्हा, ते जू आणि बैलाच्या मानेच्या मधे सापडलं होतं. हे थोरल्यानंच मालकांना सांगितलं, एखाद्या गाडीला कुठं पोचा आलाय ते सांगावं तसं. त्या बैलाला जुंपणारा धाकटाच होता, आणि सगळ्या घाटांवर ते बोट माहीत होतं.

"हे सरळ करा," तो म्हणाला. "न्हाईतर लोकं वळखत्याल."

तेव्हा धाकटा पहिल्यांदा उठून पडद्याजवळ आला. तो माझ्याशी बोलला, भावाशी नाही.

"ताई, एक तर अख्खा हात काढा. न्हाईतर बोट हाय तसं ऱ्हाऊ द्या. तेवढंच करा."

त्याचा आवाज चढला नव्हता. मी मालकांकडे बघितलं. मालकांनी थोरल्याकडे बघितलं.

"बैल माझा, गाडी माझी," थोरला म्हणाला. "आन् हाताचं काय घिऊन बसलास? हात काय वाटणीत व्हता का?"

मालकांनी मानेनं मला खूण केली.

फोटोतली वस्तू कणकेसारखी मऊ करणारं एक साधन आमच्याकडे असतं. गोल ब्रश घेऊन ढकललं की नाक लहान होतं, पोट आत जातं. लग्नाच्या फोटोंसाठी ते फार वापरतात. मी ब्रश बोटाच्या टोकाशी ठेवला आणि हळूहळू आत ढकललं. बोट सरकत सरकत शेजारच्या बोटाला जाऊन मिळालं. नखाजवळची सावली राहिली होती, तीही भरली. आमच्या चौघांसमोर ती मूठ धडधाकट झाली.

धाकट्यानं आपला हात उचलून पडद्याशेजारी धरला आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं.

"डाक्टरला जमलं न्हाई ते ताईनं बसल्या बसल्या केलं," तो म्हणाला.

थोरला हसला, मालक हसले. थोरल्यानं त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, बघ, आता फोटोत तरी तुझं बोट बरं झालं.

निघताना धाकट्यानं मला विचारलं, जुना फोटो माझ्या मोबाइलवर टाकता का? बैलाबरोबर त्याचा तेवढाच चांगला फोटो होता. मी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, फाइल गिऱ्हाइकाची असते, भाऊंना विचारा. थोरल्यानं थोडा विचार केला. उद्या हा तोच फोटो स्टेटसला ठेवंल, मग माझ्या गाडीवरच्या फोटोचं हसं व्हायचं, असं तो म्हणाला, आणि जुना पुसूनच टाका म्हणाला. मालकांनी माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतः तो पुसला, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. मला ते काम करावं लागलं नाही याबद्दलही मी त्यांची आभारी आहे.

रॅप छापून तयार झाल्यावर दोघं पुन्हा आले. दुसरा ड्रायव्हर अजून मिळाला नव्हता. आमच्या कारागिरांनी हीट गननं जुना विनाइल तापवून ओढला, तो पट्ट्यापट्ट्यांनी निघाला. त्याची चुरगळ शटरजवळ साठत गेली. धाकटा सावलीत उभा राहून बघत होता. नवा चिकटला तेव्हा माझंही मन हरखलं. पत्र्याच्या पन्हळींवरही मूठ कुठं तुटली नव्हती.

थोरल्याला गावच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. त्यानं मोबाइल भावाच्या हातात दिला आणि स्वतः पत्र्यासमोर, स्वतःच्याच शेजारी जाऊन उभा राहिला. छाती काढली, मिशीवरून बोट फिरवलं. मग हात पुढं करून चित्रातल्यासारखी वेसण धरल्याचा आव आणला. मागं मोठी, काळीसावळी, घट्ट मूठ आणि पुढं त्याची, त्या दिवशी चार्जरची वायर धरली होती तशीच, दोन बोटं. त्यालाही काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं. त्यानं हात बदलला, कोपर खाली घेतलं, बोटं आवळली, पुन्हा सोडली.

धाकटा मोबाइल डोळ्यासमोर धरून थांबला होता. वाकडं बोट मोबाइलच्या कडेबाहेर आलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "हात खिशात घाल."

थोरल्यानं हात खिशात घातला. मग धाकट्यानं फोटो काढला.