गोड्या पाण्याचा फेस

सत्यवतीबाई लग्न होऊन अकोट तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी साबणाची अख्खी वडी एका दिवसात संपवली. माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीकाठी. तिथे साबण नुसता दाखवला की फेसच फेस. इथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यात घासघास घासलं तरी फेस नाही, उलट धोतरांवर पांढुरका चिकटा. साबण कमी पडला असेल म्हणून त्या लावतच गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या हाताले बरकत नाही." बाईंना हे चाळीस वर्षं सलत राहिलं. माणूस शिवी विसरतो, असलं बोलणं नाही विसरत.

पुढे माहेरच्या नदीवर धरण झालं. गाव पाण्याखाली गेलं, माणसं पुनर्वसनात पांगली. माहेरी जायचं म्हणजे कुठे जायचं, हाच प्रश्न उरला. त्यात गेल्या वर्षी त्याच धरणाचं पाणी नळाने घरात आलं. सगळ्या गावाला आनंद. बाई मात्र कपडे घेऊन विहिरीवरच जात राहिल्या. गुडघे दुखायचे, सून चिडायची, बाई ढिम्म. माहेर बुडवणाऱ्या पाण्यात आपलं लुगडं बुडवायचं त्यांच्या जिवावर येई. त्याच पाण्याची ओढही होती, पण ते त्या कुणाला सांगत नसत.

एका रविवारी नववीतली नात प्रणाली शाळेचा प्रयोग घेऊन ओसरीत बसली. दोन बाटल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा. "आजी, हालव."

बाईंनी विहिरीची बाटली हलवली. वर फाटल्या दुधासारखा चिकटा तरंगला.

"साबणाचं एक टोक तेलाले धरते, दुसरं पाण्याले," प्रणाली सांगू लागली. "मंग तेलकट मळ कपड्यावरून सुटते अन् पाण्यासंगं निघून जाते. पण आपल्या विहिरीतले क्षार साबणालेच धरून ठेवतात. त्याचा असा चिकटा होते. मळापर्यंत साबण पोचतच नाही."

"कितीबी लावला तरी?"

"पयले क्षारच खाऊन टाकतात त्याले. धुणाऱ्याच्या हाताचा काय दोष?"

हे ऐकायला सासूबाई उरल्या नाहीत, याचं बाईंना मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी दुसरी बाटली हलवली. फेस बुचापर्यंत चढला. एवढा फेस त्यांनी आईच्या हातांवर पाहिला होता.

त्या उठल्या, न्हाणीतल्या नळाखाली बसल्या आणि कालचं लुगडं भिजवून त्यावर साबण फिरवला. कोपरापर्यंत फेस आला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"काय झालं, आजी?" प्रणाली दारात आली.

"काही नाही, माय. आमच्या अंगणावरून आलं हाये हे पाणी."

लुगडं केव्हाच स्वच्छ निघालं होतं, तरी बाई ते पिळेनात.