कंदाय अक्का

आमची मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन मला ज्या बाईंनी येऊन सांगितलं, त्यांनी त्याच दमात पुढे विचारलं, "तुमच्या घरमालकानं यंदाचा कंदाय भरलाय का?" मी सकाळपासून दाराबाहेरच्या बाकावर बसून आंबलेलो. मला वाटलं, बाळ दाखवण्याआधी तसा काही नियम असेल. "विचारून सांगतो," मी चाचरत म्हणालो. "विचारा. आणि आधी हात धुऊन या, मग बाळ बघा," असं म्हणून त्या आत गेल्या.

कंदाय म्हणजे आपली घरपट्टी, आणि या कंदाय अक्का. चामराजपेटेतल्या पालिकेच्या छोट्या प्रसूतिगृहातल्या मुख्य नर्स. त्यांना पाळण्यातलं एक नाव होतंच, पण पेठेत ते कोणी वापरत नसे. मूळच्या बेळगावकडच्या. घरी मराठी, कामावर कन्नड आणि रागावल्या की दोन्ही एकदम. मी निपाणीचा आहे हे कळल्यावर त्यांनी मला तिथल्या तिथे अहो-जाहोतून खाली उतरवलं. "तू तर आमचाच की रे!" म्हणाल्या. त्यानंतर मला बोलणी खाण्याचा पूर्ण हक्क मिळाला.

नर्सबाईंना घरपट्टीची उठाठेव कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या तेव्हा टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. "हे पाणी, हा दिवा, आमच्या आयाचा पगार, कुठनं येतंय वाटतं तुला?" त्या म्हणाल्या. "सिटीच्या हातात स्वतःचं म्हणून हे एवढंच राहिलंय बघ. रस्त्यावरच्या जाहिरातींवर कर होता, तो नव्या जीएसटीत गेला. गेला म्हणजे वर गेला. आता वरनं येतंय, नाही असं नाही. पण आपलंच असून हात पसरायचा." 'वर' म्हणजे सरकारात. तो शब्द उच्चारताना त्या नेहमी छताकडे बघत आणि तिथल्या ओलीच्या डागावर त्यांची नजर थोडा वेळ रेंगाळे.

बाळंतीण घरी गेली की आठवड्याभरात अक्का बाळाचं वजन करायला घरी येत. पिशवीतून काटा काढत, बाळाला झोळीत घालून तोलत, बाळंतिणीला खाण्यापिण्यावरून दोन शब्द सुनावत आणि मग म्हणत, "घरमालकाला स्वल्प बोलवा बघू." आमचे घरमालक मंजुनाथ वरच्या मजल्यावर राहत. माणूस वाईट नव्हता, पण कंदाय म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या चढत. "पुढच्या वर्षी दोन्ही एकदम भरतो, अक्का," असं ते म्हणाले, तेव्हा अक्कांनी काटा पिशवीत ठेवता ठेवता विचारलं, "बाळंतपण पुढच्या वर्षावर ढकलता येतंय का हो? मग कंदाय कसा ढकलता?" माझी बायको वैशाली अंथरुणातल्या अंथरुणात हसली. मंजुनाथ जिना चढून गेले ते तडक.

हे वाक्य त्यांनी पेठेत किती दारांत म्हटलं असेल, देव जाणे. गंमत म्हणजे ते लागू पडे. ज्या हातांनी आपलं मूल जगात आणलं त्या हातांना नाही म्हणणं अवघड असतं. पुढे मंजुनाथांचा नातूही अक्कांच्याच हातून जन्मला. त्यानंतर ते दर एप्रिलमध्ये कंदाय भरू लागले आणि भरल्याचं जाता-येता दहा जणांना ऐकवू लागले.

मग प्रसूतिगृहातली रात्रपाळीची नर्स निवृत्त झाली. तिच्या जागी दुसरी येईना. नर्स नाही म्हणजे रात्रीची बाळंतपणं नाहीत, आणि बाळं काही ऑफिसच्या वेळा बघून येत नाहीत. ती जागा भरली नाही तर प्रसूतिगृह आज ना उद्या बंद पडणार, हे अक्कांना स्पष्ट दिसत होतं. वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले, "तिजोरीत खडखडाट आहे, अक्का. यंदा वॉर्डाची वसुली चांगली झाली, तर तुमची फाईल वर लावून धरता येईल." दुसरं कोणी असतं तर हे बोलणं तिथंच सोडून आलं असतं. अक्कांनी ते खरं धरलं. त्या वर्षी दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही त्याच ओढत होत्या आणि मधल्या वेळात, पाय सुजलेले असताना, दारोदार फिरत होत्या. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं वर्ष भरा," म्हणत. लोकांनी भरलं. वाण्याने भरलं, शिंप्याने भरलं, मंजुनाथांनी तर आपल्या भावालाही भरायला लावलं.

आणि मग वरून घोषणा झाली. ज्यांचा कंदाय वर्षानुवर्षं थकला होता त्यांचं व्याज आणि दंड माफ. थकबाकी भरा आणि मोकळे व्हा. लोकांना दिलासा म्हणून पेपरात कौतुकही छापून आलं.

अक्का संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या असताना मंजुनाथ खाली आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "अक्का, समोरच्यानं आठ वर्षं काही भरलं नाही. व्याज नाही, दंड नाही, सगळं माफ. आम्ही तुमच्या शब्दावर वेळेवर भरत आलो. आम्हाला काय मिळालं?"

बाळंतपणाचं ते वाक्य आता येणार, म्हणून मी वाट बघत होतो. ते आलं नाही. अक्कांनी अर्धा चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला. "सरी, मंजुनाथ. बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. मला त्या क्षणी सरकारचा भयंकर राग आला. पण सरकार आमच्या खोलीत नव्हतं, अक्का होत्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. थकबाकी जी काय गोळा झाली ती जुनी बिलं भागवण्यात गेली, फाईल कुठेतरी थांबली आणि नर्स आली नाही. अक्का निवृत्त झाल्यावर बाळंतपणं थांबली. आता तिथे सकाळी लसी टोचतात, दुपारी कुलूप असतं. पोटुशा बायका दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जातात.

आम्ही पुढे जे. पी. नगरला कर्ज काढून छोटासा फ्लॅट घेतला. यंदा एप्रिलमध्ये पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावाने कंदाय भरला आणि लहान मुलासारखा ते अक्कांना सांगायला चामराजपेटेत गेलो. यजमान वारताना मागे ठेवून गेले त्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्याच असतात. त्यांनी कॉफी केली, मुलीची चौकशी केली, ती किती वाढली ते हाताने दाखवायला लावलं. मी कंदाय भरल्याचं सांगितलं.

"भरलास? बरं केलंस," त्या म्हणाल्या. मग पाय चोळत म्हणाल्या, "मी थांबलेय यंदा. गेल्या वर्षीचाही राहिलाय. बघू, परत काही माफी निघते का."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो आणि तोंडातून त्यांचंच वाक्य निघून गेलं, "अक्का, बाळंतपण पुढच्या वर्षावर ढकलता येतंय का?"

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन उठत म्हणाल्या, "तिथं आता बाळंतपणं होतात कुठं रे?"