हिरामण येणार असला की मैदान भरायचं

लोटनआप्पा मंगळवारी गेले. शाळेत मधली सुट्टी चालू असताना त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मी पुढचा तास घेतला आणि मग गोडादऱ्याला त्यांच्या घरी गेलो.

आप्पा लूमच्या कारखान्यात मुकादम होते आणि घराशेजारी तालीम चालवत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्यांना खानदेशात गावी जाता येत नसे, त्यांच्यासाठी ते सुरतेतच कुस्त्यांचा फड भरवत. मी मराठी शाळेतला शिक्षक, म्हणून जोड्यांची नावं पुकारायचं काम माझ्याकडे. शेवटची कुस्ती हिरामण पैलवानाची. तो शड्डू ठोकत मैदानाला फेरी मारी, तेव्हा नवागामहून पायी आलेली, रात्रपाळी करून डोळे सुजलेली माणसं उभी राहत. पण त्याचा त्रासही तेवढाच. यायचा उशिरा, उतरायचा आप्पांच्या घरी, आणि दूध गार झालं म्हणून जेवणावरून उठायचा. आप्पांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो; त्या म्हणायच्या, “यानापेक्षा जवाई बरा. तो रुसना ते बी जेवी जास.” आप्पा हसून म्हणत, “तो नही उना ते लोके कसाले येतीन?”

एका वर्षी ठरलेला जोडीदार समोर पाहून हिरामण अडला. याच्याशी लढणार नाही म्हणाला. लोक शिट्ट्या मारू लागले, मागून चपला आल्या. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर रतनवर थांबली. रतन त्यांच्याच तालमीतला, लूमवर काम करणारा. आपली कुस्ती जिंकून, अंघोळ करून, शर्ट घालून बसला होता. अंगाची माती धुतलेल्याला त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही, हा नियम आप्पांनीच पोरांना शिकवलेला.

“मी आंग धोई लिधं, आप्पा,” रतन हळूच म्हणाला.

आप्पांनी मैदानाकडे पाहिलं. रतनने शर्ट काढला.

हिरामणने त्याला उचलून असं आपटलं की तो एका खांद्यावर पडला. लोकांनी हिरामणला डोक्यावर घेतलं… आम्ही रतनला रिक्षात घातलं. त्या बाजूचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. लूम सुटला, तो एका सोसायटीत वॉचमन झाला.

पुढच्या आखाजीआधी पंच म्हणाले, यंदा हिरामण नको. आप्पा मला घेऊन रतनच्या खोलीवर गेले. चहा हातात घेऊन विचारलं, “त्याले बोलावू का?”

“बोलवा ना,” रतन म्हणाला. “तो नही उना ते माले कोनी पटकं, हाई बी लोके इसरी जातीन.”

ही परवानगी होती की टोमणा, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी हिरामणला बोलावलं. मैदान भरलं. शेवटची कुस्ती पुकारली तेव्हा आप्पा व्यासपीठावर नव्हते. ते मंडपामागे, पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभे होते. त्यानंतर दरवर्षी तसंच. इतका त्रास काढून त्या माणसाला आणावं का, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “मास्तर, भरेल मैदान तुमी बी देखं ना?” …आणि मीही ते भरलेलं मैदान पाहिलं होतं.

आप्पांच्या दहाव्याला तापीकाठी हिरामण आला, पहिल्यांदाच वेळेवर. आता त्याचं पोट सुटलंय. तरी अर्धी माणसं पिंडापासून उठून त्याच्याभोवती जमली. रतन मात्र कावळा शिवेपर्यंत बसून राहिला.

तालमीला कुलूप आहे. काकूंनी किल्ली रतनला दिली आहे. त्याने अजून दार उघडलेलं नाही.