आईला खरे सांगणाऱ्या विमलताई

विमलताई खिल्लारे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या माझ्या आईच्या मागोमाग उन्हात चालत होत्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी उस्मानपुऱ्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराचे केंद्र सुरू केले होते. आईचे माहेर मेंढरे राखणारे. दुपार कलली की तिला ती मेंढरे आठवत आणि ती अनवाणीच बाहेर पडे. चौकशीसाठी मी तिला घेऊन गेले, तर केंद्राच्या फाटकातूनच ती निसटली. ताईंनी तिला अडवले नाही. मेंढरं आज कुणीकडं चरायला गेल्यात, असे विचारत त्या बरोबर चालत राहिल्या आणि गल्लीला वळसा घालून दोघी परत फाटकाशी आल्या. आई तिथे रमली. पुढे शाळेची नोकरी सांभाळून मीही केंद्राच्या कामात ओढली गेले.

ताईंचा स्वभाव शांत नाही, हे लिहिले तर त्या रागावणार नाहीत. एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, यांना काही कळत नाही. ताईंनी खुर्ची वडिलांकडे वळवली आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच विचारले. उत्तरे तुटक येत होती. मुलगा घड्याळ पाहत होता. ताईंनी घाई केली नाही.

टाळेबंदीत केंद्र बंद पडले. आई दाराची कडी वाजवत राही आणि मास्क लावला की मलाही ओळखत नसे. बाहेर पडण्याची मुभा मिळताच ताई छावणी भागातल्या आपल्या घरून आमच्याकडे येऊ लागल्या. आधी अंगणात लांब उभ्या राहून मास्क खाली करत, आईला चेहरा दाखवत, मग मास्क चढवून जवळ येत. या वयात ही जोखीम कशाला, म्हणून त्यांचा मुलगा त्यांच्याशी भांडला. त्या येत राहिल्या.

पुढच्या लाटेत माझे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात ते धान्य मापणारे मापाडी होते, उतारवयात माझ्याकडे राहत होते. दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. आम्हाला तोंडही पाहता आले नाही. आई रोज विचारी, 'अण्णा कुठं हायेत?' लासूरला गेलेत, असे सांगायचे आम्ही भावंडांनी ठरवून टाकले. मग बाहेर रिक्षा थांबली की ती उठे, खिडकीशी जाई, परत येई, पुन्हा उठे. तिला बसवत नव्हते आणि आम्हालाही.

ताईंना हे कळल्यावर माझा भाऊ म्हणाला, सांगून उपयोग काय, उद्या विसरेल, उगाच रडवायचं. ताईंनी ऐकून घेतले.

'विसरतील म्हणून सांगायचंच नाही का? तुमचे वडील गेले, तसा त्यांचा नवरापण गेलाय. तुम्हाला जमत नसंल तर मी सांगते. तुम्ही फक्त शेजारी बसा.'

त्यांनी आईचा हात हातात घेतला. 'गयाबाई, अण्णा वारले. ते आता येणार नाहीत.'

आईने विचारले, 'जेवून गेले का?'

ताईंनी माझ्याकडे पाहिले. 'व्हय आई,' मी म्हणाले. निघण्याआधी मी दिलेला दहीभात अण्णांनी थोडासा खाल्ला होता.

आई संध्याकाळभर रडली आणि सकाळी पुन्हा विचारू लागली. भाऊ फोनवर ताईंना नाही नाही ते बोलला. त्यांनी बचाव केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि समजावले की आता पुन्हा पुन्हा सांगायचे नाही. तिने विचारले, तर अण्णा कसे होते हे उलट तिलाच विचारायचे. ते दिवस फार वाईट गेले. हळूहळू आईचे खिडकीशी जाणे थांबले. विचारणे चालूच होते, पण स्वतःसाठी आणि अण्णांसाठी चहाचे दोन कप मांडणारी ती आता एकच मांडू लागली. असे होईल हे तुम्हाला ठाऊक होते का, असे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, 'नाही. मी बरोबर केलं का, हे मला अजूनही सांगता येत नाही.' त्यांच्या तोंडचे हे वाक्य मला त्यांच्या सगळ्या अनुभवाहून मोठे वाटते.

केंद्र पुन्हा उघडले तेव्हा काही जण राहिले नव्हते, काहींची वाचा गेली होती. ताईंना तिथे बसवेना. त्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन घरच्यांना शिकवू लागल्या. भावाने त्यांची माफी मागितलेली नाही. मात्र लासूरकडच्या घरभेटींना आज तोच त्यांना आपल्या मोटारसायकलवर नेतो.

ज्यासाठी मी हे लिहिते आहे, तो ताईंच्या पंचाहत्तरीचा सोहळा संध्याकाळी ठेवायला त्यांनी नकार दिला. संध्याकाळी आमची माणसं बिथरतात, तेव्हा मी सत्कार कशाला घेऊ, असे त्यांनी सुनावले. म्हणून तो सकाळी होत आहे. समोरच्या रांगेतून कुणी उठून दाराकडे निघाले, तर ताई शाल खुर्चीवर ठेवून त्यांच्यामागे जातील, हे आयोजकांनी धरून चालावे. त्यांचे गुडघे, त्यांचा आवाज आणि त्यांचा रागही असाच शाबूत राहो. ताई, निरोगी शतायुषी व्हा. आम्हाला अजून तुमची फार गरज आहे.